सवलत आणि तिची मुदत

अमेरिकेत सौर आणि पवनऊर्जेला करसवलत मिळू लागली ती १९७८ पासून. तेलटंचाईने पोळलेल्या त्या देशात कार्टर यांच्या कारकिर्दीत ऊर्जा कर कायदा झाला. पवनऊर्जेची खरी गोष्ट मात्र १९९२ मध्ये सुरू झाली. आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांच्या पुढाकाराने उत्पादनावर सवलत आली: पवनचक्कीच्या प्रत्येक युनिटमागे, पहिली दहा वर्षे, दीड सेंट करातून वजा. नुसती चक्की उभारून काही मिळणार नाही, वीज निघाली तरच सवलत. कल्पना चोख होती. खोट होती ती मुदतीत.

संसदेने ही सवलत कधी एक, कधी दोन वर्षांपुरती वाढवली. १९९९ मध्ये, पुढे २००१ आणि २००३ च्या अखेरीस तर ती संपू दिली आणि काही महिन्यांनी पुन्हा जिवंत केली. प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी नव्या चक्क्यांची उभारणी कोसळली.

२०१२ चे उदाहरण बोलके आहे. ३१ डिसेंबरपर्यंत वीज सुरू झाली तरच सवलत मिळणार होती, म्हणून त्या वर्षी सुमारे १३ हजार मेगावॉटच्या चक्क्या घाईघाईने उभ्या राहिल्या. १ जानेवारी २०१३ रोजी संसदेने मुदत वाढवली, अटही सैल केली. पण आधी जमीन, मग कर्ज, मग ग्रिडची जोडणी, मग पात्यांची ऑर्डर, असा हा धंदा. सवलतीची खात्री नसताना ऑर्डरी थांबल्या होत्या. २०१३ मध्ये भर पडली जेमतेम ११०० मेगावॉटची.

तोच धडा आपल्याकडेही मिळाला. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर चक्क्या उभारताना अनेक उद्योगांचा डोळा घसाऱ्याच्या सवलतीवर होता. एप्रिल २०१२ पासून ८० टक्के घसारा १५ टक्क्यांवर आला, उत्पादनावरचे प्रोत्साहनही थांबले आणि देशातली वार्षिक भर सुमारे ३२०० मेगावॉटवरून १७०० वर घसरली. २०१४ मध्ये ८० टक्के घसारा परत द्यावा लागला.

अमेरिकेने २०१५ च्या डिसेंबरात शहाणपण दाखवले: अनेक वर्षांची मुदत आणि दरवर्षी ठरल्याप्रमाणे कपात. उद्योगाने ते मान्य केले. २०२२ मध्ये बायडेन यांच्या कायद्याने तर किमान दहा वर्षांची हमी दिली. तो सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने, ५१ विरुद्ध ५०, मंजूर झाला. एकाही रिपब्लिकन सदस्याने बाजूने मत दिले नाही. पुढची गुंतवणूक मात्र बहुतांशी त्यांच्याच मतदारसंघांत गेली.

म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये १८ आणि मार्च २०२५ मध्ये २१ रिपब्लिकन प्रतिनिधींनी नेतृत्वाला पत्रे लिहिली: सवलती सरसकट काढू नका. एप्रिलमध्ये चार सिनेटरांचे पत्र गेले. शब्द नेमके होते, कारणे पटणारी होती. मग मतदान आले. २२ मे रोजी प्रतिनिधिगृहात या सवलतींना कात्री लावणारे विधेयक २१५ विरुद्ध २१४ मतांनी तरले. मार्चच्या पत्राचे पुढारी अँड्र्यू गार्बारिनो यांचे मतच पडले नाही. ते मागे झोपले होते, असे सभापतींनी सांगितले. १ जुलैला सिनेटमध्ये पुन्हा ५१ विरुद्ध ५०, पुन्हा उपाध्यक्षांचे मत. पत्र लिहिणाऱ्या चौघांपैकी विरोधात गेले एकटे थॉम टिलिस. अखेरच्या मतदानात प्रतिनिधिगृहातले अवघे दोन रिपब्लिकन विरोधात होते.

पत्रे अगदीच वाया गेली असे नाही. सौर आणि पवन प्रकल्पांवर लादला जाणारा नवा कर वगळला गेला, बांधकाम सुरू करायला १२ महिने मिळाले. पण ४ जुलै २०२६ पर्यंत काम सुरू झाले नाही, तर २०२७ च्या अखेरीपर्यंत वीज सुरू करणे भाग पडले. घरगुती सौर सवलत २०२५ बरोबरच संपली. दहा वर्षांचे वचन तीन वर्षेही टिकले नाही.

सवलत कायम राहावी असा कुणाचाच आग्रह नसावा. कपात करायची तर करावी. पण तिची तारीख आधी सांगावी आणि ती पाळावी, एवढे लोकप्रतिनिधींकडून वसूल करायला हवे. त्यांना पत्र लिहायला लावणे सोपे असते. मतदानाच्या दिवशी त्यांनी काय केले, हे विचारत राहावे लागते.