सायलेन्सरमधून फटाके? आधी हा छोटा स्क्रू बघा

बारामती–इंदापूर रस्त्यावर भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी हळू केली की माझ्या जुन्या स्प्लेंडरच्या सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा. ट्रॉली ओलांडताना एक्सलेटर पिळला तर क्षणभर गाडी दबायची. दोन्हींचं कारण एकच निघालं: पेट्रोल कमी, हवा जास्त.

गळीत हंगामात इकडच्या रस्त्यांवर धूळ प्रचंड, म्हणून सुरुवात एअर फिल्टर आणि कार्बोरेटरमधल्या स्लो जेटच्या सफाईने करा. कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी जोड तडकलेला असेल, तर तो बदलल्याशिवाय कार्बोरेटरवरच्या, पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या छोट्या स्क्रूला हातच लावू नका.

मग पाच-दहा किलोमीटर फिरवून इंजिन गरम करा. स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, फेरे मोजून लिहून ठेवा. जोर लावला तर त्याचं टोक खराब होतं. दीड ते दोन फेरे बाहेर काढा, गाडी चालू करा आणि पाव-पाव फेरा फिरवत कान द्या. जिथे आयडल सर्वांत चढा आणि एकसारखा, तिथे थांबा. नंतर आयडलच्या स्क्रूने आयडल १४०० आरपीएमच्या आसपास उतरवा.

एक लक्षात ठेवा: मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर पेट्रोलचं प्रमाण वाढतं, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर. इथेच बहुतेकांची गफलत होते.

एवढं करूनही फटाके थांबले नाहीत, तर सायलेन्सरचं गॅस्केट आणि थंड इंजिनवर टॅपेट तपासून घ्या.