अद्ययावत संगणक आणि रेंगाळणारा पडदा

बंगळूर शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळी नावाचे एक जुने गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून इतिहासाला ते परिचित आहे. तेथील दगडी किल्ल्याचे बुरूज आजही उभे आहेत, आणि त्या परिसरातील पपनसांची गोडी इतकी वाखाणली गेली की त्यांना भौगोलिक मानांकन लाभले. मे २००८ मध्ये याच गावाजवळ बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि किल्ल्याच्या शेजारास अवघे जग येऊन भिडले.

वाचकहो, दि. १९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी, या विमानतळावर एक चमत्कारिक प्रसंग ओढवला. सकाळी सुमारे पावणेअकराच्या सुमारास काही विमान कंपन्यांची प्रवासी-नोंदणीची यंत्रणा बंद पडली. प्रवाशांच्या रांगा लांबल्या. त्या दिवशी देशातील अनेक विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी हाती लेखणी घेऊन प्रवाशांची प्रवेशपत्रे लिहून दिली! जगभर त्याच सुमारास लक्षावधी संगणकांचे पडदे निळे होऊन थिजले होते.

ना शत्रूचा घाला होता, ना विजेचा लपंडाव. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीसाठी एक लहानशी सुधारणा पाठविली होती, आणि तीत दोष होता. ही प्रणाली २१ रकाने वाचू पाहत होती. प्रत्यक्षात पुरविले होते २०. नसलेला एकविसावा रकाना वाचावयास गेलेला संगणक जागच्या जागी कोसळला. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघालेली ही सुधारणा १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. परंतु तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक आजारी पडले होते. त्यांपैकी कित्येकांपाशी माणसाने स्वतः जाऊन दोषी फाईल काढून टाकावी लागली.

आपल्या घरातील दुखणे

आपल्या घरी एवढा मोठा अनर्थ सहसा घडत नाही. परंतु त्याचेच धाकटे भावंड पुष्कळांच्या परिचयाचे असेल. रात्री संगणकाने कार्यप्रणालीची नवी आवृत्ती स्वीकारली. सकाळी पाहावे तो माऊस हलविल्यावर बाण मागून येतो, टंकलेली अक्षरे क्षणभर थांबून उमटतात, खिडकी ओढली तर अडखळत सरकते. मुलाचा ऑनलाइन वर्ग सुरू व्हावयाचा असतो, आणि घरात पहिला उद्गार निघतो, "संगणक जुना झाला, नवा घ्यावा!" थोडे थांबावे. पुष्कळदा हा खर्च अनावश्यक असतो.

असे का होते, ते प्रथम समजून घेऊ. पडद्यावरील चित्र स्थिर भासले तरी ते सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. हे काम करणारा चित्रविभाग आणि कार्यप्रणाली यांची भाषा भिन्न असते. दोघांमध्ये बोलणे घडवून आणणाऱ्या दुभाष्यास 'ड्रायव्हर' म्हणतात. कार्यप्रणाली बदलली आणि दुभाषा जुनाच राहिला, अथवा त्याच्या जागी कामचलाऊ दुभाषा येऊन बसला, की संभाषण अडखळते. मग चित्रविभागाचे ओझेही मुख्य प्रक्रियकावर पडते आणि पडदा रेंगाळू लागतो.

उपाय क्रमाने करावेत

कारण न शोधता उपाय करणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. म्हणून विंडोज प्रणाली वापरणाऱ्यांनी पुढील क्रम पाळावा.

पहिला उपाय धीराचा. मोठ्या बदलानंतर संगणक फाइलींची सूची नव्याने तयार करणे यांसारखी कामे पडद्याआड करीत असतो. त्यास काही तास चालू ठेवावे, एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे आणि मग पाहावे.

दुसरा उपाय क्षणाचा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. पडदा क्षणभर काळा होईल, घाबरू नये. चित्रविभागाचा दुभाषा त्यायोगे नव्याने कामास लागतो, आणि उघडलेले काम सहसा तसेच राहते.

तिसरे, 'सेटिंग्ज'मधील 'डिस्प्ले' आणि त्यातील 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' या ठिकाणी पडद्याची गती पाहावी. ६० च्या जागी ३० हा आकडा दिसला, तर रेंगाळण्याचे कारण सापडलेच म्हणून समजावे. ६० निवडता येत नसेल, तर पडद्यास जोडणारी तार जुनी किंवा सैल आहे काय, तेही तपासावे.

चौथे, 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' पाहावे. तेथे 'बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असे नाव असल्यास तो कामचलाऊ दुभाषाच होय. संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर आणून बसवावा. नवा ड्रायव्हरच दोषी वाटला, तर त्याच ठिकाणी 'रोल बॅक ड्रायव्हर' हा मार्ग असतो. त्याने पूर्वीचा ड्रायव्हर परत येतो.

इतक्यानेही भागले नाही, तर मोठ्या आवृत्तीबदलानंतर साधारणतः १० दिवसांपर्यंत 'रिकव्हरी' या विभागातून मागील आवृत्तीकडे परतता येते. मात्र त्यापूर्वी आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची प्रत अन्यत्र ठेवावी.

सुधारणा नकोच काय?

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. तसे काही गृहस्थ एकदा त्रास झाला की सुधारणांचे दारच कायमचे बंद करतात. हे मात्र योग्य नव्हे. मायक्रोसॉफ्टने दि. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एक धोकादायक फट बुजविणारी सुधारणा दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती अशा असंख्य संगणकांत, दोनच महिन्यांनी, दि. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव शिरला. फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागू लागला. इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रियाही रद्द कराव्या लागल्या. पडदा रेंगाळला तर तास वाया जातो. फट उघडी राहिली तर वर्षानुवर्षांचा संचय जातो.

म्हणून मध्यम मार्ग बरा. संरक्षणाच्या सुधारणा वेळेवर घ्याव्यात. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा कर भरण्याच्या अखेरच्या दिवशी आवृत्ती बदलू नये. बदलापूर्वी प्रत काढावी, आणि ड्रायव्हरचे नाव व क्रमांक वहीत लिहून ठेवावेत.

देवनहळ्ळीच्या किल्ल्यावर पूर्वी पहारेकरी बुरुजावर जागत असत. आज आपल्या घरच्या लहानशा किल्ल्याचे पहारेकरी आपणच आहोत. दार कायमचे बंद ठेवणे म्हणजे पहारा नव्हे. आत येणारा कोण, हे पाहून त्यास आत घेणे, आणि चूक झालीच तर शांतपणे ती निस्तरणे, हाच खरा पहारा होय. यंत्र अडले त्या दिवशी विमानतळावरील माणसांनी लेखणी उचलली आणि काम पुढे नेले. तेवढी स्वस्थचित्तता आपल्यापाशी असली, तर रेंगाळणारा पडदाही मार्गावर येईल.