शाळेतल्या सिस्टर आणि आपण शिक्षक : रोजच्या कुरबुरी आणि त्यावरचे साधे उपाय



मुख्याध्यापक, शिक्षक, क्लार्क, शिपाई यांच्या कामाबद्दल आपण नेहमी बोलतो. शाळेतल्या सिस्टरबद्दल, म्हणजे परिचारिकेबद्दल, मात्र फारसं कुणी बोलत नाही. जवाहर नवोदय विद्यालयात स्टाफ नर्सचं पद असतं. मोठ्या खासगी आणि निवासी शाळांतही मेडिकल रूम असते. मुलं शेकड्यांनी, शिक्षक डझनांनी आणि सिस्टर बहुतेक ठिकाणी एकच. मुलांच्या आजारांनी सिस्टर वैतागत नाहीत, ते तर त्यांचं कामच आहे. त्या वैतागतात ते स्टाफसोबतच्या रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी. या गोष्टी कोणत्या आणि त्या का घडतात, ते आज पाहू.

सिस्टर शाळेत आल्या कशासाठी?

१९०२ साली न्यूयॉर्कमध्ये तपासणीला येणारे डॉक्टर डोळे आलेल्या, खरूज-नायटा झालेल्या, उवा झालेल्या मुलांना सरळ घरी पाठवत. पुढे काय करायचं ते घरी कुणी समजावून सांगत नसे, त्यामुळे मुलं दिवसेंदिवस घरीच राहत. लिलियन वॉल्ड या परिचारिकेच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स यांना चार शाळांत महिनाभरासाठी नेमलं गेलं. त्या शाळेतच जखमा धूत, मलम लावत आणि घरी जाऊन आईला उपचार शिकवत. मुलं वर्गात परतू लागली. मग शहराने आणखी परिचारिका नेमल्या.

म्हणजे मूल वर्गात टिकावं यासाठीच हे पद निर्माण झालं. शिक्षकांनाही तेच हवं असतं. मग कुरबुरी का होतात?

१. "जा सिस्टरकडे!"

सगळ्यात मोठी तक्रार हीच. मूल दारात येऊन उभं राहतं आणि म्हणतं, "मॅडमनी पाठवलंय." कशासाठी? "माहीत नाही." कधीपासून दुखतंय, डबा खाल्ला का, मैदानात पडला का, काहीच कळत नाही. पहिलीतलं मूल पोट, छाती, घसा सगळ्याला "इथे दुखतंय" म्हणतं. जे शिक्षकांनी पाहिलेलं असतं, ते सिस्टरपर्यंत पोहोचतच नाही.

शिक्षकांची बाजूही समजण्यासारखी आहे. वर्गात पन्नास-साठ मुलं, पोर्शन संपवायचाय, त्यात एक जण रडतोय. तो बाहेर गेला की सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटतं. पण तो खोकला फक्त वर्गातून मेडिकल रूममध्ये गेलेला असतो.

२. एकट्याने पाठवणं

चक्कर येतेय म्हणणारं मूल दोन जिने एकटं उतरून जातं. मध्येच पडलं तर कुणाला कळणार? दम लागलेला, चक्कर आलेला, डोक्याला किंवा मानेला मार लागलेला, फिट आलेला विद्यार्थी चालवत न्यायचाच नाही. तो जिथे आहे तिथे सिस्टरना बोलवायचं.

टाइप १ मधुमेहाच्या मुलांबाबत तर हे फारच महत्त्वाचं आहे. साखर उतरली की मूल थरथरतं, घामाघूम होतं, चिडतं, असंबद्ध बोलतं. लांबून बघणाऱ्याला तो उद्धटपणा वाटतो. अशा वेळी मूल गिळू शकत असेल तर साखर, ग्लुकोज किंवा गोड रस तिथल्या तिथे द्यायचा आणि सिस्टरना निरोप धाडायचा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. सीबीएसईने २०१७ पासून या मुलांना बोर्डाच्या परीक्षेतही खाऊ, पाणी, साखरेच्या गोळ्या जवळ ठेवायची परवानगी दिली आहे. मग रोजच्या तासाला "मधल्या सुट्टीपर्यंत थांब" का म्हणायचं?

३. "नाटक करतोय"

"लांडगा आला रे आला" म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात हे खरं. पण नाटक आहे की नाही, हे वर्गाच्या दारात कसं ठरणार? रोज पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाचं एखाद्या दिवशी खरंच अपेंडिक्स असू शकतं.

इथे सिस्टरच्या रजिस्टरचा फार उपयोग होतो. मूल कोणत्या वारी आणि कितव्या तासाला येतं, हे त्यात लिहिलेलं असतं. दर मंगळवारी तिसऱ्या तासालाच पोट दुखत असेल, तर कारण त्या तासात आहे का ते पाहावं लागेल. मूल घरून उपाशी येत असेल, घाणेरड्या स्वच्छतागृहाच्या भीतीने लघवी दाबून धरत असेल किंवा शेजारच्या बाकावरचा कुणी त्रास देत असेल. सिस्टरना हे दिसतं, पण त्यांना कुणी विचारत नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, तर "तुम्ही गोळ्या द्या, वर्गाचं आम्ही बघतो" असं उत्तर मिळतं.

४. औषध कुलपात, निरोप शेवटच्या क्षणी

दम्याच्या मुलाचा इन्हेलर कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिक्षकांकडे! इन्हेलर मुलाच्या हाताशी असला तरच उपयोगाचा. तसंच सहलीचं. बस ठरते, नाश्ता ठरतो, आणि सिस्टरना आदल्या संध्याकाळी कळतं. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाला दुपारची गोळी आहे, हे बघायला वेळ लागतो. सहलीची तारीख त्यांना आठवडाभर आधी सांगायला काहीच खर्च नाही.

५. पर्समधली गोळी आणि आजीबाईचा बटवा

"मी दिली ना एक क्रोसिन, आता बरा आहे." हे ऐकलं की सिस्टरच्या पोटात गोळा येतो. घरून सकाळीच तापाचं औषध दिलेलं असेल तर दुसरा डोस किती तासांनी झाला? पालकांना कळवलं का? पर्समधून ॲस्पिरिन निघाली तर आणखी धोका, कारण मुलांच्या तापात ती देत नाहीत. म्हणून शिक्षकांनी स्वतःकडची गोळी देऊ नये.

घरगुती उपायांचंही तसंच. हे चार नियम स्टाफरूममध्ये लावून ठेवा :

- नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, किंचित पुढे झुकवा. नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा.
- फिट आली तर कांदा, चप्पल, चमचा काहीही नको. आजूबाजूच्या वस्तू हलवा, मुलाला कुशीवर करा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.
- भाजलं तर टूथपेस्ट, हळद नको. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा.
- पक्का दात मुळासकट पडला तर मूळ न घासता दुधात ठेवा आणि लगेच दंतवैद्याकडे न्या.

६. मानाचा प्रश्न

शिक्षक रजेवर असले की "सिस्टर, जरा सातवीवर जाऊन बसा." गॅदरिंग असलं की "सिस्टर, जरा बॅज लावा." मेडिकल रूम रिकामी दिसते म्हणून त्या रिकाम्या आहेत, असं धरलं जातं. त्या वर्गावर असतानाच मैदानात कुणाचा हात मोडला तर?

दुसरं म्हणजे गुप्तता. एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा आहेत किंवा तिला शाळेत पहिल्यांदा पाळी आली, हे सिस्टर हळूच सांगतात. ते चारचौघांत बोललं गेलं की ती मुलगी पुन्हा मेडिकल रूमची पायरी चढत नाही. मग खरंच काही झालं तरी ती सांगणार नाही.

उपाय : एक छोटी चिठ्ठी

यातल्या बऱ्याच गोष्टी एका चिठ्ठीने सुटतात. वहीच्या पावपानावर एवढंच लिहा :

१. नाव, वर्ग, पाठवल्याची वेळ
२. मूल काय म्हणतंय (त्याच्याच शब्दांत)
३. तुम्ही काय पाहिलंत (पडला, उलटी झाली, गप्प बसलाय)
४. डबा किंवा नाश्ता झाला का
५. सोबत कोण आहे

सिस्टरनीही त्याच चिठ्ठीवर लिहून पाठवावं : काय केलं, वर्गात परत कधी आला, कशावर लक्ष ठेवायचं. डोक्याला मार लागलेल्या मुलासाठी ही उलट चिठ्ठी फार गरजेची. नंतर उलटी, वाढती डोकेदुखी, पेंग ही लक्षणं वर्गातच दिसतात, आणि घरी गेल्यावर ती पालकांना दिसतात.

आमच्या शाळेत सिस्टरच नाहीत!

बहुतेक जिल्हा परिषद शाळांत नसतातच. पण २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. त्यात दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि एएनएम सिस्टर असतात. त्यांच्याही कुरबुरी ओळखीच्याच : तपासणीच्या दिवशी निम्मा वर्ग स्पर्धेला गेलेला, वजन-उंचीच्या नोंदी अर्धवट, आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी दप्तरातच राहिलेली. ही चिठ्ठी हलकी समजू नका. हृदयाला छिद्र असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून मोफत होऊ शकते. पण त्यासाठी कागद पालकांच्या हातात पडला पाहिजे आणि शिक्षकांनी "गेलात का?" असं विचारलं पाहिजे.

दर आठवड्याची लोहाची निळी गोळीही उपाशीपोटी न देता जेवणानंतर दिली, तर मळमळ कमी होते आणि मुलं दुसऱ्यांदा नाक मुरडत नाहीत.

पालकांसाठी दोन शब्द

सकाळी तापाचं औषध देऊन मुलाला शाळेत पाठवू नका. दुपारी ताप पुन्हा चढतो आणि तोवर शेजारच्या चौघांना लागण झालेली असते. दमा, फिट, मधुमेह, ॲलर्जी काहीही असो, लपवू नका. शाळा नाव ठेवेल ही भीती खरी असते, पण माहिती नसली तर ऐन वेळी सिस्टर काय करणार? आणि शाळेकडे दिलेला फोन नंबर चालू ठेवा.

थोडक्यात, मुलाचं अर्धं चित्र शिक्षकांना दिसतं, अर्धं सिस्टरना. दोन्ही जोडली तरच मूल पूर्ण दिसतं. या आठवड्यात एक करा : मधल्या सुट्टीत पाच मिनिटं मेडिकल रूममध्ये जा आणि विचारा, "सिस्टर, माझ्या वर्गातलं कोण तुमच्याकडे वारंवार येतं?"