शेजारगावचा सामना आणि प्रेक्षकांचा रोष

खेळात हरलेल्या पक्षाने खिन्न व्हावे व जिंकलेल्याने हर्षभरित व्हावे, हा जगाचा साधा व्यवहार आहे. परंतु एखादा सामना असा होतो की, जिंकलेल्या गावचे लोकही तोंडे पाडून घरी जातात, आणि इतर सर्व बाबतीत भांडणाऱ्या दोन्हीकडच्या प्रेक्षकांचे, आपला वेळ फुकट गेला, एवढ्या एका गोष्टीवर मात्र पूर्ण ऐकमत्य असते. दूरदूरच्या संघांच्या सामन्यांत हा प्रकार क्वचित दिसतो. शेजारी गावांच्या सामन्यांत तो वारंवार आढळतो. असे का व्हावे, आणि झाले असता प्रेक्षकांनी आपल्या रोषाचे काय करावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु या रोषाची झळ मैदानापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते हे आम्ही पाहिले असल्यामुळे, कुटुंबवत्सल वाचकांपुढे तो मांडण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचे अरण्य १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. बाहेरच्या माणसास हे नाव ऐकताच वाघ आठवतो. परंतु पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी या बाजूंनी अरण्याच्या कडेला जी गावे वसली आहेत, तेथे हिवाळ्याच्या रात्री जो गलबला कानी येतो तो बहुधा कबड्डीचा असतो. धानाच्या बांध्या मोकळ्या झाल्या, दिवाळीनंतरच्या मंडया भरू लागल्या आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे लागले की, त्याच सुमारास या सामन्यांनाही भर येतो. जमीन मोकळी, हाताला थोडी उसंत, घरात नवे तांदूळ. करमणुकीस याहून चांगला काळ कोणता?

गेल्या हिवाळ्यात अशाच दोन शेजारी गावांचा अंतिम सामना पाहण्याचा योग आम्हांस आला. गावांची नावे देण्याचे कारण नाही. ती कोणतीही असू शकली असती. चार-चार कोसांवरून माणसे ट्रॉल्या भरभरून आली होती. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांनी खेळ सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांतच दोन्ही पक्षांचा बेत उघड झाला: आपण गुण मिळविण्यापेक्षा दुसऱ्यास मिळू द्यावयाचा नाही. चढाई करणारा निदान रेषा जेमतेम ओलांडी, कोणाच्या वाऱ्यासही न उभा राहता मागे फिरे, आणि मध्यरेषेवर पाय पडताच मोठा पराक्रम केल्याच्या आविर्भावात हात उंचावी. समोरचे सातही जण मागच्या रेषेस चिकटून उभे. स्पर्श झाला की नाही यावरून तीन वेळा खेळ थांबला. एकदा तर दोन्ही गावचे वडीलधारे लोकच अंगणात उतरले. शेवटचा गुण झाला तोही कोणाच्या कौशल्याने नव्हे. बचाव करणाऱ्या एका पोराचा पाय स्वतःच चुन्याच्या रेषेबाहेर पडला. ११ विरुद्ध १० असा निकाल लागला. चाळीस मिनिटांच्या खेळात पाहण्यासारखी पकड एक झाली, आणि तीही पंचांनी अमान्य केली.

यानंतर लोकांचा संताप कोणकोणत्या वाटांनी बाहेर पडला ते पाहण्यासारखे आहे. पहिला तडाखा बसला सरपंचास. कबड्डीच्या मुख्य पंचासही सरपंचच म्हणतात, आणि गावच्या सरपंचाप्रमाणेच सर्वांच्या नाराजीवर त्याचा पहिला हक्क असतो. दुसरा तडाखा ज्याचा पाय रेषेबाहेर पडला त्या पोरास. वास्तविक तोच संघातील सर्वांत लहान, पण सबंध गावाने चाळीस मिनिटांत गमावलेली प्रत्येक संधी त्या एका पावलाच्या नावे मांडली गेली. तिसरा तडाखा अनपेक्षित ठिकाणी बसला. एका परिचित घरी दुसऱ्या दिवशी जेवणाची पंगत बसली असता, धाकटे चिरंजीव आदल्या रात्रीच्या तावातच म्हणाले, "त्या गावच्यांना खेळ कशाशी खातात तेही ठाऊक नाही!" त्यांची वहिनी त्याच गावची, हातात तुपाचे भांडे घेऊन वाढीत होती. ती काही बोलली नाही, तूप वाढून आत गेली. आजी मात्र पाटावरूनच म्हणाल्या, "अरे, त्या गावच्या हातचा वरणभात रोज दोन्ही वेळा जेवतोस, तो कशाशी खातोस?" सर्व हसले आणि प्रसंग टळला. परंतु सर्वच घरी अशा आजी नसतात.

शेजारगावच्या सामन्याचे सारे मर्म या प्रसंगात आहे असे आम्हांस वाटते. ज्या गावाशी आपली चुरस, त्याच गावाशी आपली सोयरीक. तेथे आपल्या मुली नांदतात, तेथल्या मुली आपल्या घरी येतात; बाजार एक, शाळा एक, तलावाच्या पाण्याची पाळीही बहुधा एकमेकांत गुंतलेली. दूरच्या संघाकडून हरलेला गडी दुसऱ्या दिवशी ते विसरू शकतो. शेजाऱ्याकडून हरलेल्यास मात्र ते आठवड्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात आणि मामाच्या ओसरीवर वर्षभर ऐकावे लागते. मग तो जिंकण्यासाठी खेळत नाही. ऐकून घ्यावे लागू नये म्हणून खेळतो. शिवाय दोन्हीकडची पोरे एकमेकांस लहानपणापासून ओळखतात. कोणाचा डावा पाय आधी पुढे येतो, कोण घोट्याची पकड करतो, हे सर्वांस तोंडपाठ. भय आणि परिचय असे एकत्र आले म्हणजे खेळाचा जो चोथा होतो, तोच आपण त्या रात्री पाहिला. म्हणून असा सामना रटाळ झाला तर त्याचा अर्थ खेळाडूंस आस्था नव्हती असा नव्हे. आस्था इतकी झाली की तिने हातपाय बांधून टाकले.

हा दोष आपल्याच मातीचा आहे असे कोणी समजू नये. इंग्रजांचा रग्बी नावाचा खेळ आहे. अंडाकृती चेंडू हातांत घेऊन धावणे, समोरच्याने कवळा घालून पाडणे, मधूनमधून दोन्ही पक्षांनी खांद्याला खांदा भिडवून एकमेकांस रेटणे, असे त्याचे स्वरूप. इंग्लंड व स्कॉटलंड या शेजाऱ्यांमधील त्याचा पहिला सामना १८७१ साली एडिंबरो येथे झाला. स्कॉटलंडने रेटारेटीतून मिळविलेल्या एका यशावर इंग्लंडने आक्षेप घेतला, म्हणजे भांडण पहिल्याच दिवशी सुरू झाले! त्या सामन्याचे एक पंच हेली हचिन्सन आल्मंड हे व्यवसायाने आमच्याच जातीचे, म्हणजे शाळामास्तर होते. पुढे त्यांनी लिहून ठेवले की, पंचास संशय पडला तर जो पक्ष अधिक ओरडतो त्याच्या विरुद्ध निर्णय द्यावा, कारण बहुधा चूक त्याचीच असते. वर्गात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या कोणासही या वचनाची सत्यता पटेल.

या दोन देशांत दरवर्षी ज्या चषकासाठी झुंज होते त्याचे नाव कलकत्ता चषक. कलकत्त्यास इंग्रजांनी रग्बीचा एक क्लब काढला होता. सभासद रोडावल्यामुळे १८७८ साली तो मोडला, तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे २७० रुपये वितळवून त्यांतून हा चषक घडविण्यात आला. त्याच्या तिन्ही मुठी नागाच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. १८७९ साली त्यासाठी झालेला पहिलाच सामना बरोबरीत सुटला. पुढे १९८८ साली याच चषकाचा एक सामना अत्यंत नीरस झाला. इंग्लंडने तो ९ विरुद्ध ६ असा जिंकला. चेंडू घेऊन धावत जाऊन रेषेपलीकडे टेकविणे हे या खेळाचे खरे सौंदर्य, ते सबंध सामन्यात एकदाही घडले नाही. त्या रात्री दोन्ही संघांतील एकेका खेळाडूने मिळून तो चषक रस्त्यातून लाथाडीत नेला व त्यास पोचे पाडले. आपल्या चांदीची ही गत ऐकून हसावे की हळहळावे हे कळत नाही. परंतु रटाळ सामन्यानंतरचा राग, दुसरे काही न मिळाल्यास, खेळाच्या मानचिन्हावरही निघतो एवढे यावरून दिसते.

गोंधळाचे दुसरे कारण नियमांविषयीचा संदेह हे होय. कबड्डी हा आपल्या घरचा खेळ. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला त्याचे प्रात्यक्षिक दाखविले, १९९० साली तो बीजिंग येथील आशियाई स्पर्धांत गेला. तरीही ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे भारत व इराण यांचा अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीवर असता काय झाले ते वाचकांस आठवत असेल. भारताचा पवन सेहरावत कोणासही स्पर्श न होता बाजूच्या राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्या पाठोपाठ इराणचे खेळाडूही गेले. आता एकटा चढाई करणारा बाद, की त्याच्यामागे गेलेलेही बाद? जुना नियम एक सांगे, नवा दुसरे. निर्णय फिरले, खेळाडू मैदानातच बसून राहिले, सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारत ३३ विरुद्ध २९ असा विजयी झाला. पण सुवर्णपदक मिळूनही पुष्कळांच्या मनास हुरहूर राहिली. आशियातील सर्वोच्च सामन्यात जेथे हे घडते, तेथे चुन्याच्या रेषांवर आणि दोन दिव्यांच्या उजेडात निर्णय देणाऱ्या गावच्या पंचास आपण किती दोष द्यावा?

येथे आमच्या संस्कृताभ्यासाचा थोडा उपयोग करून घेण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना पताकेसाठी चढाओढ करणारे नट, त्यांचे गुणदोष मोजणारे प्राश्निक आणि प्रेक्षक या सर्वांचा परामर्श घेतला आहे. प्रयोगास ज्या बाधा येतात त्यांस ते घात म्हणतात. काही घात दैवी, काही नटाच्या स्वतःच्या चुकीचे, आणि काही शत्रुपक्षाने घडवून आणलेले. या शेवटच्या प्रकारात मोठमोठ्याने ओरडणे तर आहेच, शिवाय शेण, ढेकळे व मुंग्या फेकणेही आहे! प्रतिपक्षाचे पाठीराखे त्या काळीही असेच होते हे पाहून आम्हांस मोठा दिलासा वाटला. परंतु मुनी तेथेच थांबत नाहीत. प्रेक्षक कोणास म्हणावे, याचीही त्यांनी लक्षणे दिली आहेत. जो प्रयोगातील हर्षाने हर्षित होतो, शोकाने शोक करतो, ज्यास विषयाचे ज्ञान आहे आणि ज्याची वृत्ती पक्षपाती नाही, तो खरा प्रेक्षक. म्हणजे प्रेक्षक होणे ही केवळ बसावयास जागा मिळण्याची गोष्ट नव्हे. तीस अधिकार लागतो.

म्हणून रटाळ सामन्यावर रागावू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रागावणे हा रसिकाचा हक्क आहे. ज्यास चांगला खेळ कळतो त्यासच वाईट खेळ सलतो. मात्र तो राग खेळावर असावा, माणसावर नव्हे. "आपल्या पोरांनी निदान रेषेपलीकडे पाऊल टाकले नाही" असे म्हणणारा पुढच्या वर्षीच्या खेळाची सेवा करतो. "ते गावच तसले" असे म्हणणारा पुढच्या वर्षीच्या सोयरिकीचा नाश करतो. दोन्ही वाक्यांस लागणारा श्वास सारखाच.

गावच्या मंडळांनीही काही गोष्टी मनावर घ्याव्यात. प्रो कबड्डीमुळे घरोघरी परिचित झालेला तिसऱ्या चढाईचा नियम, म्हणजे लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरीत गुण मिळवावाच, न मिळाल्यास चढाई करणारा बाद, हा ग्रामीण सामन्यांतही काटेकोरपणे पाळला जावा. वेळकाढूपणावर याहून चांगले औषध नाही. कोणते नियम लागू ते सामन्यापूर्वी दोन्ही संघांस व प्रेक्षकांस मोठ्याने वाचून दाखवावेत. पंच तिसऱ्याच गावचे असावेत. आणि खेळ सायंकाळीच सुरू करावा. मध्यरात्री अस्वला-बिबट्याच्या वाटेने परतणाऱ्या ट्रॉलीत संतप्त माणसे भरणे हे खेळाच्या दृष्टीने वाईट, आणि जिवाच्या दृष्टीने त्याहून वाईट.

राहिले घर. ज्या कुटुंबांत चार सुना चार गावांच्या आहेत, तेथे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वडील माणसांनी थोडे सावध असावे. खेळाची चर्चा अवश्य व्हावी. ती दाबून ठेवल्याने मुले ओसरीवर बोलावयाचे ते गल्लीत बोलतात. परंतु चर्चेत प्रतिपक्षाच्या एका तरी गड्याची वाखाणणी झाल्याशिवाय पान वाढू नये, असा दंडक घालून पाहावा. गुण शोधावयाचा म्हटले म्हणजे सामना मनात पुन्हा आठवावा लागतो, आणि आठवू लागले की त्या चाळीस मिनिटांतही एखादी चांगली पकड सापडते. ती पंचांनी अमान्य केली म्हणून आपणही अमान्य करण्याचे कारण नाही. आणि ती पकड वहिनीच्या माहेरच्या मुलाने केली असेल, तर ते तिच्यासमोर, तिला ऐकू जाईल अशा बेताने सांगावे. पुढच्या हिवाळ्यात भाऊबीज आटोपून ती माहेरहून परतेल तेव्हा, त्या गावचा संघ यंदा काय तयारी करीत आहे, याची पक्की बातमी आपल्याच घरी प्रथम येईल, हा त्यातला किरकोळ लाभ आहे.