ध्वनीचा तापमापक

ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील अनेक कुटुंबांस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट परिचित आहे. १९४१ सालीं सुरू झालेल्या या रुग्णालयांत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधें या मार्गांनीं कर्करोगाशीं झुंज चालते. आज मला आणखी एका, परंतु अद्याप बहुतांशीं प्रयोगावस्थेंत असलेल्या मार्गाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा मार्ग प्रकाशानें गांठ तापविण्याचा आहे. तांबड्या रंगापलीकडील कांहीं अदृश्य किरण त्वचेंतून थोडे खोल शिरतात. सोन्याचे अतिसूक्ष्म कण आधीं गांठींत पोंचविले, तर ते हा प्रकाश शोषून तापतात. सभोंवतालचें निरोगी मांस त्या मानानें थंड राहतें. पवईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्राचें खारघर येथील ॲक्ट्रेक, यांतील संशोधकांनीं २०१५ सालीं असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेदाच्या सूक्ष्म कोशांवर सोन्याचा मुलामा देऊन त्यांनीं उंदरांच्या गांठींवर त्याचा परिणाम पाहिला.

खरी अडचण पुढेंच आहे. सुमारें ४३ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत गांठ बराच वेळ ठेवावी लागते; ६० अंशांजवळ मात्र पेशी थोड्याच क्षणांत मरतात. उष्णता कमी पडली, तर रोगाचें मूळ शिल्लक राहतें. अधिक झाली, तर शेजारचें निरोगी मांस भाजतें. त्वचेवरील तापमापक आंतलें सांगत नाहीं, आणि जागोजाग सुई खुपसणेंही इष्ट नव्हे.

येथें आपल्या परिचयाची सोनोग्राफी उपयोगी पडूं शकते. हें यंत्र कानांस ऐकूं न येणारा ध्वनि शरीरांत सोडतें व त्याचा प्रतिध्वनि टिपतें. मांसांत ध्वनि सेकंदास सुमारें १५४० मीटर धांवतो. म्हणजे तीन सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनि परत येण्यास सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं सुमारें ३९ भाग लागतात. आतां समजा, ठाण्याहून कल्याणास गेलेली गाडी नेहमींपेक्षां लवकर परतली. कल्याण जवळ आलें असें आपण म्हणत नाहीं. गाडी वेगानें धांवली असें म्हणतों. तसेंच हें आहे. मांस तापलें कीं अंशामागें ध्वनीचा वेग सेकंदास साधारण एकदोन मीटरांनीं वाढतो व प्रतिध्वनि किंचित् आधीं येतो. लागोपाठच्या चित्रांतील हा फरक मोजून संगणक ठिकठिकाणची उष्णता अनुमानितो, आणि त्याप्रमाणें प्रकाश मंद करतां येतो किंवा थांबवितां येतो.

तथापि चरबीची रीत उलट आहे. ती तापली कीं ध्वनि मंदावतो. श्वासोच्छ्वासानें चित्र हलतें. शिवाय सुमारें ५० अंशांपुढें मांसाची घडणच बदलूं लागते व हिशेब चुकतो. म्हणून या तापमापकाची अजून पुष्कळ पारख व्हावयाची आहे.

तेव्हां हातास गांठ लागली, तर नव्या उपायाची वाट पाहत बसूं नये. ती विनाविलंब डॉक्टरांस दाखवावी. आणि केवळ प्रकाशानें गांठ जिरवितों असें कोणी जाहिरातींतून सांगूं लागल्यास त्यास एकच प्रश्न विचारावा : आंतील उष्णता आपण मोजतां कशी?