लौकिक सण आणि ख्रिस्ती श्रद्धा : सीमारेषेचा प्रश्न

विषयप्रवेश

भाविक ख्रिस्ती व्यक्तीने आपल्या समाजाचे लौकिक, सांस्कृतिक सण साजरे करावेत काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. महाराष्ट्रात तो दरवर्षी नव्याने उपस्थित होतो. संक्रांतीला शेजारून तिळगूळ येतो, दसऱ्याला आपट्याची पाने हातात ठेवली जातात, दिवाळीत फराळाचे ताट येते. ताट परत पाठवावे असे क्वचितच कोणी सुचवील. परंतु आपल्या दारी आकाशकंदील लावावा काय, पाडव्याला गुढी उभारावी काय, कार्यालयातील खंडेनवमीच्या पूजेस उभे राहावे काय, या प्रश्नांची उत्तरे एकाच मंडळीतील दोन कुटुंबेही वेगवेगळी देतात. या मतभेदामागे असलेल्या तत्त्वाचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रेषित पौलाची कसोटी

या विषयावरील सर्वांत जुने विवेचन पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या ते दहाव्या अध्यायात आढळते. त्या नगरात मूर्तीस अर्पिलेल्या पशूंचे मांस बाजारात विक्रीस येई. ते ख्रिस्ती माणसाने खावे काय? पौलाचे उत्तर तीन पायऱ्यांचे आहे. बाजारात जे विकले जाते ते चौकशी न करता खावे. कोणी जेवावयास बोलावले तर पुढे वाढलेले खावे. मात्र ‘हे नैवेद्याचे आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकासाठी खाऊ नये. प्रत्यक्ष देवालयातील पंक्तीस बसणे मात्र त्याला मान्य नाही. पहिल्या तिन्ही प्रसंगी मांस तेच आहे. बदलतो तो त्यास उपस्थितांनी दिलेला अर्थ. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, अशी मुभा तो देतो.

ही कसोटी व्यक्तीपुरती स्पष्ट आहे. अडचण उद्भवते ती संपूर्ण समाजासाठी नियम करण्याची वेळ येते तेव्हा.

‘लौकिक’ ठरविण्याचा अधिकार

या अडचणीचा सर्वांत बोधप्रद इतिहास भारतात आणि चीनमध्ये घडला. इटालियन जेझुइट रॉबर्ट डी नोबिली १६०६ मध्ये मदुराईस आले आणि त्यांनी संन्याशाचा वेष धारण केला. जानवे, शेंडी, गंध आणि स्नान ही कुलाची व प्रतिष्ठेची चिन्हे असून पूजेची नव्हेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. गोव्यात १६१९ मध्ये भरलेल्या परिषदेत त्यांना तीव्र विरोध झाला. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये, अंधश्रद्धेचा अंश वगळण्याच्या अटीवर, या चिन्हांस अनुमती दिली. पुढे १७०४ मध्ये पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांनी पाँडेचरीत हुकूम काढून अनेक देशी चालीरीती निषिद्ध ठरविल्या. १७४४ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी हा वाद निषेधाच्या बाजूने मिटविला आणि मिशनऱ्यांवर तशी शपथ बंधनकारक झाली. चीनमधील पूर्वजवंदन व कन्फ्यूशिअसचे पूजन यांवरील बंदी त्यांनीच १७४२ मध्ये कायम केली होती. १९३९ मध्ये रोमने ते विधी ‘नागरी’ स्वरूपाचे असल्याचे मान्य केले व शपथही मागे घेतली. भारतातील शपथ १९४० मध्ये रद्द झाली. म्हणजे एकाच कृतीस एकच धर्मपीठ दोनशे वर्षे धार्मिक म्हणते आणि नंतर लौकिक म्हणते. दरम्यान चिनी समाजातही त्या विधींचा अर्थ पालटला होता, हे येथे विसरता येत नाही.

गोव्यात हा प्रश्न धर्मशास्त्रज्ञांच्या चर्चेपुरता राहिला नाही. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती लग्नघरातील देशी वाद्ये, विड्याची पाने व फुले देणे, हळदीचे लेपन, मिठावाचून भात शिजविणे, अंगणातील तुळस, एवढेच नव्हे तर धोतर नेसणेही दंडनीय ठरविले. भाताच्या मिठापर्यंत धर्मसत्तेची नजर पोहोचली होती! तथापि गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत वधूवरांस नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ आजही होतो आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात हळद व ‘उंबराचे पाणी’ टिकून आहे. गोव्यातील ‘कणसांचे फेस्त’ व ईस्ट इंडियनांचा ‘आगेरा’ यांत नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादित होतात. नव्याची पूजा करणाऱ्या कोकणी शेतकऱ्यास हा सोहळा परका वाटणार नाही. बंदीने जे साधले नाही ते अर्थांतराने साधले, असे म्हणता येईल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात, अंधश्रद्धेशी अतूटपणे जोडलेले नाही असे लोकजीवनातील सर्व काही सहानुभूतीने पाहावे, अशी भूमिका घेतली. १९६९ मध्ये भारतीय चर्चला आरती, अंजलीमुद्रा, जमिनीवर बैठक आदी बारा गोष्टींची अनुमती मिळाली. प्रॉटेस्टंट परंपरेत नारायण वामन टिळकांनी त्याआधीच अभंग व भजन मंडळीच्या उपासनेत रुजविले होते. मात्र भजनाचा छंद स्वीकारणे आणि सणाचा विधी स्वीकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जातीचा पदर

या विषयावरील लेखनात एक बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. डी नोबिलींनी जानव्यास ‘सामाजिक चिन्ह’ म्हटले, ते खरेच होते; परंतु ते जातीचे चिन्ह होते. लौकिक म्हणून जे आत घेतले त्यासोबत जातिभेदही चर्चमध्ये आला. ज्या १७०४ च्या हुकुमाने देशी चालीरीती निषिद्ध केल्या, त्यानेच अस्पृश्य आजाऱ्यांच्या घरी जाऊन संस्कार द्यावेत असेही मिशनऱ्यांस बजावले, ही बाब देशीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी लक्षात ठेवावयास हवी.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार व मांग जातींतून आला. गावगाड्यात सण म्हणजे या जातींसाठी आनंदापूर्वी ‘काम’ होते : हलगी वाजविणे, मेलेली जनावरे ओढणे, सणाच्या दिवशी दारोदार उरलेले अन्न मागणे. अशा कुटुंबातील आजोबांनी बाप्तिस्म्यानंतर पोळ्याचे वा दसऱ्याचे मानपान नाकारले, त्यात मूर्तिपूजेच्या भयापेक्षा माणूसपणाचा आग्रह अधिक असू शकेल. ‘सण तर सांस्कृतिक आहे, त्यात धर्म कुठे?’ हा सुशिक्षितांचा युक्तिवाद त्यांच्यापुढे अपुरा ठरतो. संस्कृती कोणाची, हा प्रतिप्रश्न तेथे उभा राहतो. उलटपक्षी वसईच्या शेतकरी ख्रिस्ती कुटुंबास सुगीचा उत्सव आपलाच वाटतो, कारण जमीन त्याची आहे.

राष्ट्रीय दिन

सण निखळ लौकिक असला म्हणजे प्रश्न संपतो, असेही नाही. १५ ऑगस्ट हा भारताचा स्वातंत्र्यदिन आणि कॅथलिकांचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. १ मे हा महाराष्ट्र दिन व कामगार दिन, आणि याच दिवशी बारावे पायस यांनी १९५५ मध्ये कामगार संत योसेफाचा सण नेमला. येथे दोन्ही निष्ठा सहज एकत्र नांदतात. परंतु यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या केरळमधील तीन मुलांनी १९८५ मध्ये राष्ट्रगीत गाण्यास नकार दिला. ती आदराने उभी राहत, गात मात्र नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांचा हक्क मान्य केला. बहुसंख्य ख्रिस्ती पंथांना मुलांची भूमिका पटणार नाही, प्रस्तुत लेखकासही ती पटत नाही. तरीही बहुसंख्यांनी लौकिक ठरविलेली कृती अल्पसंख्याच्या सदसद्विवेकास धार्मिक वाटू शकते, हे न्यायालयाने मान्य केले याचे मोल मोठे आहे.

व्यवहारातील भेद

या पार्श्वभूमीवर कृतीगणिक विचार करणे इष्ट ठरते. तिळगूळ, फराळ व शुभेच्छा ही पौलाच्या बाजारातील मांसासारखी आहेत. त्यांची चौकशी नको. व्हॅटिकनही दरवर्षी दिवाळीनिमित्त हिंदू बांधवांस शुभेच्छासंदेश पाठविते. आकाशकंदिलास स्वतःचा मंत्र नाही, आणि नाताळात तोच कंदील ताऱ्याच्या आकारात ख्रिस्ती दारी लागतोच. गुढीचे तसे नाही. ती उभारून तिचे पूजन होते, नैवेद्य दाखविला जातो. ती लावणारे कुटुंबच तिला केवळ वर्षारंभाची खूण मानत नसेल, तर पाहुण्याने तसे मानणे यजमानाच्या श्रद्धेचाही अनादर होय. खंडेनवमीस सहकाऱ्यांसोबत उपस्थित राहून पूजेचे ताट मात्र हाती न घेणे हा मध्यम मार्ग अनेक ख्रिस्ती कर्मचारी अनुसरतात. तो शोभेसा होण्यासाठी कार्यालयातील इतरांनीही ताट पुढे करण्याचा आग्रह धरू नये, एवढी अपेक्षा ठेवावी लागते.