क्वार्टरमागचे घुमट

पुण्याहून फोन आला: जगभरातल्या थक्क करणाऱ्या शोधांवर पुरवणी निघतेय, दिल्लीतलं काहीतरी द्या. कुतुब, लाल किल्ला वाचकांना पाठ आहेत. म्हणून आर. के. पुरम गाठलं. रिक्षावाल्याला बघण्यासारखं काय विचारलं, तर त्याने थेट सेक्टर सातच्या टेकडीवरच्या मलई मंदिराकडे रिक्षा वळवली. त्याला थांबवून सेक्टर पाचला आणावं लागलं.

तिथे मुलाच्या क्वार्टरात राहणारे एक काका भेटले, मूळचे श्रीरामपूरकडचे. पुरवणीचा विषय ऐकून म्हणाले, "शोध म्हणजे आमचं दायमाबाद! मूळ खणता खणता काशाचा रथ निघाला." बरोबर आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या त्या गावी छबू लक्ष्मण भिल यांना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. सगळं मिळून ६० किलोंहून जास्त काशाचं काम. त्याच वर्षी चीनमध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या फावड्याला मातीचे सैनिक लागले आणि इथिओपियात माणसाच्या प्राचीन पूर्वजकुळातल्या 'लूसी'ची हाडं मिळाली. दिल्लीलाही असा योग आला होता: १९६६ मध्ये कालकाजीजवळ घरांसाठी जागा मोकळी करताना खडकावर अशोकाचा लेख दिसला.

आर. के. पुरमला मात्र काहीच खणायला लागत नाही. क्वार्टरांच्या मागे, बागेत, वजीरपूरचे पाच घुमट उघड्यावर उभे आहेत. शेजारी कनाती मशीद, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारी नुसती भिंत; एक विहीर आणि आपल्याकडच्यासारखी बारव. बांधणी लोदी काळातली, १४५१ ते १५२६ च्या दरम्यानची. आत कोण झोपलंय, कुणाला सांगता येत नाही. सेक्टर तीनमधल्या कबरीतल्या बिजरी खानाचं निदान नाव तरी उरलं.

घुमटांचा दगड अरवलीचा, गारेसारखा कठीण. यात जीवाश्म शोधू नयेत. मूळची वाळू दीडशे कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा हाडं असलेला प्राणीच नव्हता. त्याबाबतीत आपलं चंद्रपूर श्रीमंत. पिसदुऱ्याला डायनासोरांची विष्ठासुद्धा दगड होऊन पडलीय!

माझा निम्मा वेळ खाल्ला तो कॉलनीची कुंपणभिंत दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या राजमिस्त्रीने. हातात सिमेंटचं घमेलं, तोंडात चुन्याचं कौतुक. पूर्वी जुन्या इमारतींच्या डागडुजीवर त्याने बरीच वर्षं काढलीत. चुना भिजवून मुरत ठेवायचा, त्यात भाजल्या विटांची पूड, सुरखी. मग गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी. "घाई केली की गिलावा फुटतो," तो म्हणाला. नखाने घुमटाची भिंत खरवडून त्याने मला एक ठिगळ दाखवलं. तिथे कुणीतरी सिमेंट थापलंय. सिमेंट ओल आत कोंडतं, मग शेजारचा जुना चुना भुगा होऊन गळतो. ठिगळ टणक आणि त्याच्या कडेने पोकळी, हे बोटाने सहज कळत होतं. मी विचारलं, मग या कुंपणाला चुना का नाही? तो हसला. "ठेकेदाराला परवा संपवून हवंय."

शेजारच्या मोहम्मदपूरसह दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. काकांना आपल्या ब्लॉकची धास्ती आहे, घुमटांची नाही. घुमटांवर निदान सरकारी पाटी लावता येते, असं त्यांचं म्हणणं. पाटीवर धड चार ओळी असत्या तर मीही मान डोलावली असती.

निघताना काकांनी एक काम सांगितलं. गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या उतरवत नाहीत. बारवेत पाणी आहे का, बघून सांगा. मी वाकून पाहिलं. तळाला पाला, वेफर्सची पाकिटं आणि एक निळा चेंडू.

"पाणी नाही, चेंडू आहे."

"निळा का? मग तो आमच्या नातवाचा," म्हणाले, आणि घराकडे वळून त्याला हाका मारू लागले.